पहिला हाय-फाय संच : पैसा कोठे घालावा?

जुन्या पेढीच्या घरात माळ्यावरची पेटी खाली उतरवली, की जमाखर्चाच्या चोपड्यांबरोबर आणखी एक ठेवा हाती लागतो. नाट्यगीतांच्या तबकड्या असतात, कोणाच्या तरी लग्नात मुद्रित केलेल्या कॅसेटी असतात, आजीच्या आवाजातील ओव्या किंवा स्तवने असतात. ज्या यंत्रावर ते सारे वाजत असे, ते भंगारात जाऊन वर्षे लोटलेली. नवी पिढी मोबाईलवर गाणी ऐकते, वडीलधारी मंडळी दूरदर्शनसंचाच्या कुरकुरत्या आवाजावर समाधान मानतात. मग दिवाळीच्या सुमारास घरात चांगले संगीत असावे अशी इच्छा बळावते, सारे कुटुंब बाजारात जाते आणि पाच-सहा काळे डबे, लुकलुकणारे दिवे आणि 'पाच हजार वॅट' असे मोठ्या अक्षरांत छापलेले खोके घेऊन परत येते. दोन-तीन वर्षांनी त्यातील एखादा भाग बिघडतो, तो स्वतंत्र मिळत नाही आणि सगळा संच निकामी होतो. आजीची कॅसेट त्याला जोडण्याची सोय पहिल्या दिवसापासूनच नसते.

या एकसंध खोक्याला जो पर्याय आहे, त्याला जाणकार 'सेपरेट्स' म्हणतात. म्हणजे सुट्या घटकांचा हाय-फाय संच. कल्पना व्यापाऱ्याला परकी वाटू नये अशी आहे. कापड एका दुकानातून घ्यावे, शिलाई दुसऱ्याकडे द्यावी आणि प्रत्येकाकडून त्याच्या कसबाचेच काम घ्यावे, तसा हा प्रकार. गाणे जेथून येते तो स्रोत, तो क्षीण विद्युतसंकेत बलवान करणारा अॅम्प्लिफायर आणि त्या विजेचे हवेतील कंपनांत रूपांतर करणारी स्पीकरची जोडी, असे तीन घटक. प्रत्येक घटक वेगळा निवडता येतो, वेगळा दुरुस्त करता येतो आणि ऐपत वाढली की एकेक बदलता येतो. भांडवल एका फटक्यात अडकत नाही आणि एक भाग गेला म्हणून बाकीचे मातीमोल होत नाहीत.

खरा प्रश्न पुढेच आहे. समजा, घरातून साठ हजार रुपये मंजूर झाले. ते या तिघांत कसे वाटावे?

याचे उत्तर काळानुसार बदलले आहे. ग्लासगोच्या लिन या कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी आपला तबकडीवादक बाजारात आणला आणि तिचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रन यांनी एक आग्रही मत मांडले : पैसा प्रथम स्रोतात घालावा, कारण तबकडीवरून जे उचलले गेलेच नाही ते पुढचा कोणताही अॅम्प्लिफायर वा स्पीकर परत आणू शकत नाही. तबकडीच्या युगात या म्हणण्यात तथ्य होते. सुई, तिचा दांडा, फिरती थाळी, मोटारीचा कंप या साऱ्या यांत्रिक गोष्टी. त्यांतील बारकावे महागच असणार. परंतु १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि हिशेब उलटला. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, असे आकडेच साठवायचे ठरल्यावर ते जसेच्या तसे वाचणे हे स्वस्त यंत्रालाही जमू लागले. आज खिशातला मोबाईल आणि आकड्यांचे संकेतात रूपांतर करणारे लहानसे 'डॅक' यंत्र मिळून जे काम करतात, त्यासाठी पूर्वी घरातील सर्वांत महाग वस्तू लागत असे.

स्पीकरच्या बाबतीत असा चमत्कार घडलेला नाही. कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू पुढेमागे हलवून हवा ढकलण्याचे काम तो आजही करतो. बऱ्यापैकी अॅम्प्लिफायर संकेतात जी विकृती मिसळतो ती टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. चांगल्या स्पीकरमध्येही ती टक्क्याच्या घरात जाते आणि खर्जात त्याहून अधिक. संचाचा आवाज गोड, कोरडा, नाकातला की ढोलकट, हे मुख्यतः स्पीकर ठरवतो. म्हणून मर्यादित रकमेचा निम्मा वाटा स्पीकरच्या जोडीसाठी राखून ठेवावा, हे आजच्या काळातले शहाणपण.

स्पीकरच्या धंद्याचा एक जुना प्रसंग येथे आठवण्यासारखा आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील गिल्बर्ट ब्रिग्ज हे मूळचे कापडधंद्यातले गृहस्थ. १९३२ साली त्यांनी इल्क्ली गावी आपल्या घराच्या तळघरात पहिला स्पीकर तयार केला आणि त्या खोऱ्याचेच नाव, व्हार्फडेल, आपल्या मालाला दिले. पुढे १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि त्यानंतरच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी विलक्षण प्रात्यक्षिके केली. व्यासपीठावर कलावंतांनी प्रत्यक्ष वाजवायचे आणि त्याच वादनाचे मुद्रण स्पीकरमधून ऐकवायचे. तुलना श्रोत्यांनी करायची. हजारो गिऱ्हाइकांसमोर आपला माल अस्सल वस्तूच्या शेजारी मांडण्याचे हे धाडस कोणत्याही व्यापाऱ्याने दाद द्यावी असेच होते. त्यांच्याच कंपनीने १९८०च्या दशकात 'डायमंड' नावाचे जे छोटे, स्वस्त स्पीकर काढले, त्यांनी अनेक घरांना पहिला हाय-फाय संच मिळवून दिला.

स्पीकर निवडताना आपण काय ऐकतो, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे लागते. मराठी घरातील ऐकणे बहुतांशी गळ्याभोवती फिरते. अभंग, नाट्यपद, ख्याल, भावगीत, प्रवचन या साऱ्यांत मानवी आवाज मध्यभागी असतो. त्यासाठी जमीन हादरवणारा खर्ज लागत नाही. मधल्या सप्तकातला खरेपणा लागतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसवण्यासाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला, तो जेमतेम एक फूट उंचीचा होता. बोललेला शब्द तेथील तंत्रज्ञाला जसाच्या तसा ऐकू यावा, एवढेच त्याचे काम. तेवढ्या एका गुणावर तो आजही नावाजला जातो. शेल्फवर किंवा स्टँडवर ठेवण्याचे छोटे स्पीकर पहिल्या खरेदीला योग्य ठरतात ते याच कारणाने. त्याच किमतीच्या उंच, जमिनीवर उभ्या स्पीकरमध्ये पैसा लाकडी पेटीत आणि जादा शंकूंमध्ये वाटला जातो. दिसायला भरगच्च, ऐकायला बहुधा उणे.

अॅम्प्लिफायरकडे वळले की गिऱ्हाईक हटकून एकच प्रश्न विचारते : वॅट किती? आणि येथेच सर्वांत मोठी फसगत होते. खोक्यावर छापलेला 'पीएमपीओ' हा आकडा कोणत्याही मान्य मापाने काढलेला नसतो. तराजूवर शिक्का नसेल तर त्या दुकानात धान्य घेऊ नये, हा न्याय येथेही लावावा. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी तेथील व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला : शक्तीचा आकडा जाहीर करताना ती अखंड मिळणारी शक्ती असावी आणि किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्यांच्या मर्यादेत व किती विकृतीसह मोजली, हेही सांगावे. ज्या माहितीपत्रकात ही चारही अंगे दिलेली असतात, त्यातील तीस वॅट हे खोक्यावरील तीन हजार वॅटांहून मोलाचे.

आता थोडे गणित. स्पीकरच्या कागदावर '८७ डेसिबल' असा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज मिळेल, ते तो सांगतो. साधारण बैठकीच्या खोलीत अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला अशा जोडीतून एका वॅटवर ऐंशी डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. दोन माणसांचे नित्याचे बोलणे साठच्या घरात असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एक वॅट किती पुरतो ते कळेल. जास्तीची शक्ती लागते ती तान अचानक वर झेपावते किंवा तबल्यावर जोरकस थाप पडते त्या क्षणापुरती. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून चाळीस वॅटांऐवजी साठ वॅट मिळावेत यासाठी दहा हजार अधिक मोजणे हा तोट्याचा सौदा. मात्र स्पीकरचा आकडा ८३-८४ इतका कमी असेल, तर अॅम्प्लिफायर थोडा दणकट घ्यावा. वर उल्लेखलेला बीबीसीचा छोटा स्पीकर त्यातलाच आहे.

थोडक्या वॅटांच्या कर्तबगारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७८ साली आलेला एनएडी ३०२०. ब्योर्न एरिक एडवर्डसन यांनी त्याची रचना केली. कागदावर त्याची शक्ती प्रत्येक बाजूला अवघी वीस वॅट. रूप साधे, किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. परंतु क्षणिक झेपेच्या वेळी तो या आकड्याच्या कितीतरी पुढे जाऊ शके आणि अवघड स्पीकरपुढेही दमत नसे. शक्ती संपत आली की आवाज एकदम फाटू नये, यासाठी त्यात खास मंडल होते. आणि व्यापारी दूरदृष्टीची एक सोय : त्याच्या पाठीमागे दोन छोट्या धातूच्या कड्या होत्या. त्या काढल्या, की आतल्या दोन विभागांची फारकत होई. म्हणजे पुढेमागे मोठा शक्तिवर्धक घेतला तरी पहिला वाया जात नसे. सेपरेट्सची सारी नीती त्या दोन कड्यांत होती.

तेव्हा अॅम्प्लिफायर घेताना समोरच्या दिव्यांपेक्षा पाठीमागची बाजू अधिक निरखून पाहावी. मोबाईल, टीव्ही, सीडी आणि कॅसेट डेक यांसाठी वेगवेगळ्या जोडण्या आहेत का? तबकड्या वाजवायच्या असतील तर 'फोनो' असे लिहिलेली जोडणी हवी. तबकडीच्या सुईतून येणारा संकेत सीडीच्या संकेताच्या शेकडोपट क्षीण असतो आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी व तार अधिक ठेवलेला असतो. ते पूर्ववत करण्याचे काम ही जोडणी करते. ती नसेल तर तबकडी पुटपुटल्यासारखी ऐकू येते. माळ्यावरची पेटी ज्या घरात आहे, तेथे हा तपशील शंभर वॅटांहून महत्त्वाचा आहे. आणि त्या तबकड्यांवर स्वस्तातला, सूटकेससारखा दिसणारा वादक चालवू नये. त्यांतील पुष्कळांची सुई जड दाबाने घासते आणि तबकडी झिजवते. ठेवा जपायचा म्हणून घेतलेले यंत्रच तो संपवू लागले तर काय उपयोग?

स्पीकरच्या तारांविषयी फार थोडे सांगण्यासारखे आहे, जरी दुकानदार त्यांविषयी फार सांगतो. साध्या तांब्याची अडीच चौरस मिलीमीटर जाडीची तार चार मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. समोर स्पीकरचा भार आठ ओहमचा. ज्या मालाचा दर्जा गिऱ्हाइकाला मोजता येत नाही त्यात नफ्याला जागा अधिक असते, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडावे, एवढी काळजी पुरे. एका बाजूला ते उलटले तर खर्ज हरवतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिर न राहता खोलीभर विखुरतो.

चौथा घटक कोणत्याही दुकानात मिळत नाही, तो म्हणजे खोली. आपल्याकडची नवी घरे संगीताला फारशी अनुकूल नसतात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेची सरकती दारे. टाळी वाजवली तर खणखणाट होतो. अशा खोलीत लाखाचा स्पीकरही कर्कश वाटतो. जाड पडदे, फरशीवर सतरंजी वा गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट, गाद्या-तक्के यांनी जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या अॅम्प्लिफायरनेही पडत नाही. खर्जाची तऱ्हा निराळी. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे सत्तेचाळीस हर्ट्झच्या स्वराची लाट दोन भिंतींच्या मध्ये नेमकी बसते आणि तो स्वर भिंतीलगत फुगतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबला आणि ऐकणारा मागच्या भिंतीला टेकून बसला, की सगळे संगीत घुमटात वाजल्यासारखे होते. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत, आपली बैठकही थोडी पुढे सरकवावी. बिनपैशाचा हा उपाय आधी करून पाहावा.

बैठकीवरून एक गोष्ट निघते, ती परदेशी माहितीपुस्तिकांत सापडायची नाही. स्पीकरमधील तारस्वराचा छोटा घुमट ऐकणाऱ्याच्या कानाच्या पातळीत असावा, असा नियम आहे. त्यासाठी मिळणारे स्टँड खुर्चीवर बसणाऱ्याच्या मापाने बनवलेले असतात. गादी-तक्क्यावर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपासच असतो. त्यांनी सुताराकडून फूट-सव्वा फुटाचे दणकट स्टूल करून घ्यावे. त्याला स्टँडच्या किमतीच्या मानाने अल्प खर्च येतो आणि बसते ते अधिक नेमके.

ऐकून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, हे सांगणे सोपे. पण ऐकावे काय? दुकानातील नमुन्याची मुद्रणे संचाचे गुण दाखवण्यासाठी निवडलेली असतात. आपल्या अंगवळणी पडलेली चार गाणी बरोबर न्यावीत. तंबोरा ही उत्तम कसोटी : जवारीचे ते झळाळणारे, सतत बदलणारे सूर वेगवेगळे कानी पडतात, की एकच गुणगुण ऐकू येते? डग्ग्यावरची मींड सरकताना स्पष्ट कळते, की नुसता धप्पकन आवाज येतो? परिचित गायिकेचे 'स' आणि 'श' टोचतात का? दोन संचांची तुलना करताना आवाज अगदी सारख्या पातळीवर ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमीच सरस भासतो. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. आणि निदान अर्धा तास ऐकावे. पहिल्या दोन मिनिटांत भुरळ घालणारा झगझगीत आवाज पुष्कळदा विसाव्या मिनिटाला नकोसा होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठ येथील गजबजलेल्या दुकानांत इतकी शांतता मिळणे कठीण. तेथे भाव काढावा, पण निवड जेथे निवांत ऐकू देतात तेथे करावी.

जुना माल घेण्यात कमीपणा नाही, मात्र कोणती वस्तू कशी झिजते ते माहीत हवे. चांगल्या घडणीचा अॅम्प्लिफायर वीस-पंचवीस वर्षे सहज टिकतो. फार तर आवाजाचा खुंटा खरखरतो किंवा कपॅसिटर बदलावे लागतात. स्पीकरच्या शंकूभोवतीची कडा फोमची असेल तर ती काही वर्षांत भुसभुशीत होते, किनाऱ्यावरील दमट हवेत तर लवकरच. बोटाने हलके दाबून पाहावे. रबराची कडा अधिक टिकाऊ. परदेशातून नातलगांनी आणलेल्या यंत्राचा विद्युतदाब तपासावा : आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानात १००. तबकडीवादकात आणखी एक मेख असते. अमेरिकेतील वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नासची. काही जुन्या वादकांच्या मोटारी या कंपनसंख्येवरच वेग ठरवतात. असा वादक ट्रान्सफॉर्मर लावून येथे चालवला तर पाच-षष्ठांश वेगाने फिरतो, आणि षड्ज ते कोमल गंधार हे जेवढे अंतर, तेवढी सगळी मैफल खाली उतरते.

आता ते साठ हजार. तीस हजारांची छोट्या स्पीकरची जोडी, अठरा-वीस हजारांचा अॅम्प्लिफायर, पाच-सहा हजारांचे डॅक, उरलेल्यात तारा, सुताराचे स्टूल आणि एक सतरंजी. चाळीसच हजार असतील तर डॅक पुढे ढकलावे आणि मोबाईल वा घरातील जुना डीव्हीडी वादक जोडून आरंभ करावा, पण स्पीकरचा निम्मा वाटा मोडू नये. पुढील वर्षी कॅसेट डेक, त्यानंतर तबकडीवादक, असे ठेव वाढवत जावे. कॅसेटी मात्र फार काळ थांबवू नयेत. फितीवरचा थर वर्षागणिक सैल होत जातो, म्हणून डेक आला की पहिले काम त्या संगणकावर उतरवून घेण्याचे.

सदनिकेत राहणाऱ्यांना शेजारधर्म आहेच, शिवाय कायदाही आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरवली आहे. स्पीकर शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीवर टांगू नयेत आणि पायांखाली रबराचे तुकडे द्यावेत, म्हणजे खर्ज इमारतीत उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपर्यंत कानाला सोसतो. त्यापुढे जितका आवाज वाढेल तितके तास झपाट्याने घटतात.

राहिले व्यवहाराचे. घरच्या खोलीत वाजवून पटले नाही तर आठवड्यात बदलून मिळेल, हे बिलावरच लिहून घ्यावे. तोंडी कबुलीवर जाऊ नये. अधिकृत आयातदाराचे हमीपत्र नसलेला माल दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो, पण दुरुस्तीच्या वेळी त्याला कोणी वाली नसतो. आणि मूळ खोके, आतल्या थर्माकोलसह, माळ्यावर जपून ठेवावे. पाच वर्षांनी मोठे स्पीकर घेताना जुन्यांना जो भाव येईल, तो बराचसा या खोक्यावर अवलंबून असतो.